श्वास न घेतलेला अर्धा तास

मिलीताई रोज सकाळी चहात साखर घालताना श्वास रोखून धरायच्या. चमचा डब्यातून वर आला की ओठ मिटायचे, खांदे कानांकडे सरकायचे, आणि साखर पातेल्यात पडून चमचा परत डब्यात गेला की मगच नाकातून बारीकसं फुस्स व्हायचं. इतक्या वर्षांत हे नवऱ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवऱ्यानेही कधी विचारलं नव्हतं. भिंतीतल्या जुन्या खिळ्यासारखं ते त्याच्या नजरेत बसून गेलं होतं. आहे तर आहे.

सवय कामावरची होती. औषधांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं वजनाच्या खोलीत बसत. खोली लहान, बिनखिडकीची. मधोमध दगडी ओटा आणि ओट्यावर काचेच्या पेटीतला बॅलन्स. इतका नाजूक, की वाटीला बोटाचा ठसा लागला तर ठशाचंही वजन दाखवायचा. कुटलेल्या गोळ्यांची पूड इवल्या चमचीवर घ्यायची, पेटीचं काचेचं दार सरकवायचं, पूड पारड्यावरच्या वाटीत सोडायची, दार लावायचं, आकडा ठरेपर्यंत थांबायचं आणि लिहायचं. दार उघडं असताना कुणी समोर उसासा टाकला तरी आकडा उडायचा. म्हणून पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, "पूड सोडताना श्वास धर हं." त्यांनी धरला. पुढे मोठ्या बाई निवृत्त झाल्या, जुना बॅलन्स जाऊन नवा आला, त्यांच्या स्वतःच्या केसांत पांढरं दिसू लागलं, पण श्वास धरायचा थांबवा असं सांगायला कुणी आलं नाही.

नावसुद्धा त्या खोलीनेच दिलं. पहिल्या वर्षी एका सॅम्पलच्या वजनात अर्ध्या मिलीग्रॅमचा फरक आला, तेव्हा त्यांनी अख्खा दिवस बसून तो शोधून काढला होता. तेव्हापासून त्या मिलीग्रॅमताई, आणि जिभेला तेवढंही ओझं नको म्हणून मिलीताई. त्यांनाही ते आवडायचं. लग्नाच्या पत्रिकेवर छापलेल्या नावापेक्षा हे कमावलेलं होतं.

गाडं अडलं ते शेजारच्या ओट्यावरचे काका निवृत्त झाल्यावर. त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. त्यांचा बॅलन्स कापडाखाली झाकून ठेवला आणि त्यांची सॅम्पल्स मिलीताईंच्या ट्रेमध्ये येऊ लागली. दिवसाला चाळीसची ऐंशी झाली. मिलीताईंनी ट्रे ओढून घेतला. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि हो म्हणायला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दोनेक महिन्यांत झोप उडाली. जेवण अर्धं ताटातच राहायचं. मानेपासून खांद्यापर्यंत कुणीतरी ओला दोर पिळून बांधल्यासारखं वाटायचं. मग एका दुपारी चिमट्यात वजन धरलेलं असताना त्यांचा उजवा हात थरथरला. पानावर मुंगी चढल्यावर पान हलतं तेवढाच. पण त्या खोलीत तेवढंही फार होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छाती तपासली, रक्तदाब दोनदा मोजला. "थोडा वाढलाय. बाकी काही नाही. ताण आहे, तो कमी करा."

"हे चिठ्ठीवर लिहून द्या की," मिलीताई म्हणाल्या. "साहेबांना दाखवते."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लिहून काही दिलं नाही.

प्रयोगशाळेत वर्षातून एकदा हाताची परीक्षा व्हायची. वीस ग्रॅमचं एक प्रमाण वजन चिमट्याने उचलून पारड्याच्या बरोबर मध्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, वजन काढायचं, पुन्हा ठेवायचं. असं दहा वेळा. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यातलं अंतर ठरलेल्या मर्यादेत राहायला हवं. मिलीताईंना ही परीक्षा म्हणजे हातचा मळ. त्या वर्षी मात्र चौथ्या वेळी चिमटा पारड्याच्या काठाला लागला. टिण्ण. त्या आवाजाने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचे आकडे कुठल्याकुठे गेले, एक वर, एक खाली, टोपलीतून सुटलेल्या कोंबड्यांसारखे.

साहेब त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होते आणि बोलायला मऊ. तेच अवघड होतं. आरडाओरडा करणाऱ्यावर रागावता तरी येतं.

"ताई, दीड महिन्याने परत घेऊ," ते म्हणाले. "तेव्हाही असंच आलं तर, म्हणजे नियमच तसा आहे, काचसामानाच्या विभागात जागा आहे. पगार तोच राहील."

पगार तोच राहील हे ऐकून मिलीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे साहेबांनी जागा आधीच बघून ठेवली होती.

काचसामानाच्या विभागात प्रयोगशाळेतल्या बाटल्या, नळ्या, चंबू धुतले जायचे. तिथल्या काचवाल्या मावशींना बातमी चहाच्या आधी पोचली.

"या की माझ्याकडे," मावशी म्हणाल्या. कोपरापर्यंत साबणाचा फेस, चेहरा मिस्कील. "पण हाताची ही तऱ्हा घेऊन याल तर महिन्यात माझी एक बाटली धड राहायची नाही."

"मावशी, चेष्टा सुचते तुम्हाला."

"मग काय रडू? तुमच्यासाठी रडायला तुम्ही पुरेशा आहात." मावशींनी हात पुसले. "संध्याकाळी माझ्याबरोबर चला. योगाच्या वर्गाला."

"या वयात हातपाय वाकडे करू?"

"वाकडं तुमचं आत्ता झालंय. तिथे सरळ करतात. तीन वर्षं जातेय मी. नाहीतर एवढी काच हाताशी असताना आत्तापर्यंत कुणाच्या तरी डोक्यात घातली असती."

वर्ग टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायचा. जिन्यात रबराचा वास. खाली टायरात हवा भरण्याचं यंत्र धडधडत असायचं आणि वर पंधरावीस माणसं सतरंज्यांवर बसून हवा सोडत असायची. शिकवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, बारीक, ताठ. पस्तीस वर्षं त्यांनी सलून चालवलं होतं, म्हणून सगळे त्यांना सलूनवाले सर म्हणायचे. दाढीचं पातं मागे राहिलं तरी गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची सवय राहिली होती.

पहिल्या दिवशी त्यांनी विशेष काही करवून घेतलं नाही. खांदे गोल फिरवले, हात वर करून टाचा उचलल्या, मांजरासारखी पाठ वर-खाली केली. शेवटी सगळ्यांना पाठीवर झोपवून डोळे मिटायला सांगितलं. शवासन. हॉल शांत झाला. नुसते श्वास ऐकू येऊ लागले. सर ओळींतून अनवाणी फिरले आणि मिलीताईंच्या डोक्याशी येऊन थांबले. वाकले. थोडा वेळ थांबले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "शवासन म्हटलं म्हणून एवढं मनावर घ्यायचं नसतं. आहात ना?"

हॉलमध्ये हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने मावशी हसल्या. मिलीताई धडपडत उठून बसल्या, कानशिलं तापलेली.

"मी नीट करत होते," त्या म्हणाल्या.

"तेच तर. नीट करायला लागलात की तुमचा श्वास बंद होतो. काम काय करता?"

त्यांनी सांगितलं. दार, पूड, पारडं, उसासा. सरांनी सगळं ऐकून घेतलं, शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर ऐकावं तसं.

"किती वेळ धरता?"

"वीस सेकंद. कधी पंचवीस."

"दिवसातून किती वेळा?"

"ऐंशी," त्या म्हणाल्या, आणि तोंडातून शब्द निघताच त्यांच्या डोक्यातल्या हिशेबी बाईने गुणाकार करून टाकला. जवळजवळ अर्धा तास. रोज अर्धा तास त्या श्वासच घेत नव्हत्या. काका होते तोवर पाव तास. तेवढं बहुधा शरीराने मुकाट्याने निभावून नेलं होतं.

"पण धरला नाही तर आकडा हलतो ना," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता.

"माझा वस्तरा लोकांच्या गळ्यावर असायचा," सर म्हणाले. "तेव्हा श्वास कोण धरायचं? गिऱ्हाईक! मी धरला असता तर एव्हाना तुरुंगात असतो. श्वास धरला की सगळं अंग मूठ आवळतं. मग हात कसा मोकळा राहील? हात चालवायचा तो श्वास सोडता सोडता, नाहीतर सोडून झाल्यावर. श्वास बाहेर गेला की पुढचा आत यायच्या आधी एक लहानशी उसंत असते बघा. ती धरून ठेवावी लागत नाही. ती असतेच."

घरी जाताना मिलीताईंनी वाटेतल्या दुकानातून एक वही घेतली. स्वभावाला औषध नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी घड्याळ समोर ठेवून दीर्घ श्वसन केलं आणि रकाने आखले. श्वास आत, श्वास बाहेर, मधली उसंत, शेरा. तीन दिवसांत त्यांचा बाहेर जाणारा श्वास सव्वासहा सेकंदांवरून पावणेसहावर घसरला, आणि त्या घसरणीच्या काळजीने चौथ्या रात्री त्यांना झोप आली नाही.

सरांनी वही शेवटच्या रकान्यापर्यंत वाचली. मग त्यांनी मावशींना हाक मारली. "मावशी, तुम्ही किती सेकंद सोडता?"

"मला काय ठाऊक? घड्याळ सोडून येते मी घरी."

"ताई," सर म्हणाले, "आजारी पडून औषध घेणारी माणसं पाहिली. औषधाने आजारी पडणाऱ्या तुम्ही पहिल्याच. ही वही उद्यापासून विसरायची."

"विसरायची कशी?"

"जशी छत्री विसरतात तशी. मुद्दाम."

त्यांना ते जमायला आठवडा लागला. मोजायचं नाही म्हटल्यावर करायचं काय, हेच कळेना. मग सरांनी भ्रामरी शिकवली. कान बंद करून, तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज. त्यात आवाजच एवढा भरतो की आकड्याला जागा राहत नाही. पहिल्या सकाळी नवरा दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून स्वयंपाकघरात आला आणि फ्रीजला कान लावून उभा राहिला.

"अगं, हा गेला वाटतं. घरघरतोय."

"अहो, ती मी आहे."

"तू?" त्याने फ्रीजचं दार उघडून, बंद करून खात्री करून घेतली. "बरं. मग दुरुस्तीवाल्याला नको बोलवायला."

चमत्कार वगैरे झाला नाही. आधी झोप आली. पहाटे तीनला टक्क उघडणारे डोळे पाचला उघडू लागले. मग एक दिवस शर्टाच्या गुंड्या लावताना त्यांना खांदा दुखत नाहीये असं जाणवलं, आणि तो कधीपासून दुखत नव्हता ते आठवेना. वजनाच्या खोलीत त्या आता चेहरा जरासा बाजूला वळवून श्वास सावकाश नाकातून खाली सोडायच्या, आणि तो सरला की त्या उसंतीत पूड वाटीत घालायच्या. आकडा हलत नव्हता. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्या बॅलन्सकडे बघतच राहिल्या. बावीस वर्षं हा रस्ता शेजारीच होता, आणि त्या भिंतीवरून उड्या मारत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एका दिवशी ब्याण्णव सॅम्पल्स आली. संध्याकाळपर्यंत हात पुन्हा थरथरला. त्या दिवशी जिना चढताना त्यांनी ठरवून टाकलं होतं, की हे सगळं थोतांड आहे.

"एवढं सगळं करून काय उपयोग?" त्यांनी सरांना ऐकवलं. "सॅम्पल्स तेवढीच आहेत."

"मग मी काय आसन घालून सॅम्पल्स कमी करू?" सर म्हणाले. "योगाने साहेब बदलत नाही हो ताई. ओझं दारात कुणी आणून टाकलं ते नीट दिसायला लागतं, एवढंच. जास्त आहे हे त्यांना तोंडाने सांगावं लागेल. आणि ते सांगताना श्वास सोडा. धरलात तर आवाज चिरका येतो."

मिलीताईंनी पिशवी भिंतीशी आपटली. पण सतरंजी अंथरली.

दीड महिना संपला. परीक्षेच्या सकाळी साहेब प्रमाण वजनाची मखमली डबी हातात घेऊन खोलीत आले. या वेळी सगळं नियमाने व्हावं म्हणून डबी त्यांनी रात्रभर आपल्याच केबिनच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती. नोंदीचा कागद पुढे केला. दाराच्या चौकोनी काचेतून मावशींचं अर्धं कपाळ दिसत होतं.

मिलीताई बसल्या. श्वास आला, गेला. चिमट्याने वजन उचललं, मध्यावर ठेवलं, दार लावलं. हात स्थिर होता, त्यांना स्वतःलाच छान वाटलं. पहिला आकडा. दुसरा, किंचित कमी. तिसरा, आणखी कमी. चौथा आणखी.

साहेबांनी कागदाकडे बघितलं. पेन बोटांत फिरवलं.

दीड महिन्यापूर्वी असतं तर मिलीताईंनी पाचवं वजन घाईने ठेवलं असतं, मग सहावं त्याहून घाईने. घाई आत्ताही वर आली. त्यांनी ती येऊ दिली, चिमटा ओट्यावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि तीन श्वास सोडले. एक. दोन. तिसऱ्याच्या शेवटी त्यांनी ते चार आकडे पुन्हा वाचले, जसे कुणा दुसऱ्याचे वाचावेत.

थरथरणारा हात वर-खाली उड्या मारतो. मागच्या वेळी तसंच झालं होतं. हे आकडे उड्या मारत नव्हते. एकेक पायरी जिना उतरत होते.

"साहेब, थांबूया," त्या म्हणाल्या.

"ताई, मध्येच थांबता येत नाही." साहेब अवघडले. "म्हणजे, लोक काय म्हणतील? नाचता येईना..."

"अंगण वाकडं. म्हणू देत." आवाज चिरका आला नाही. "वजन रात्री कुठे होतं?"

"माझ्या केबिनमध्ये. कुलपात."

"एसी किती वर असतो तुमचा?"

"अठरा. का?"

"आणि डबी तिथून उचलून थेट इथे आणलीत." मिलीताईंनी पेटीकडे बोट केलं. "इथे चोवीस आहे. वजन गार आहे, साहेब. गार वस्तूभोवतीची हवा खाली सरकते, पारडं दाबते. म्हणून ते जड दिसतंय, आणि जसं तापतंय तसं उतरतंय. आम्ही प्रत्येक वजन तासभर खोलीत ठेवल्याशिवाय हात लावत नाही."

साहेबांनी डबीला बोट लावून बघितलं. मग लहान पोरासारखं पुन्हा लावून बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही परीक्षा चोख व्हावी म्हणून त्यांनीच ती बिघडवली होती.

"मग मागच्या वेळीसुद्धा...?" त्यांनी विचारलं.

सुटायला वाट मोकळी होती. मिलीताईंना ती दिसलीही.

"नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी डबी इथेच होती. तो माझाच हात होता."

एक तास वजन पेटीशेजारी नुसतं पडून राहिलं. दार किलकिलं करून मावशींनी डोकं आत घातलं, बघितलं आणि म्हणाल्या, "आता वजनालाही शवासन का?" साहेब हसले, आणि मग आपण हसलो म्हणून खोकले.

तासाभराने मिलीताईंनी दहा वेळा वजन उचललं आणि दहा वेळा ठेवलं. श्वास येत होता, जात होता, मधल्या उसंतीत हात आपलं काम करत होता. काठाला चिमटा एकदाही लागला नाही. दहा आकडे इतके जवळजवळ आले, की साहेबांनी वजाबाकी दोनदा केली. मग कागदावर सही करून तो त्यांच्यापुढे सरकवला.

"झालं, ताई. खोली तुमचीच."

"अजून एक होतं," मिलीताई म्हणाल्या. "मागच्या वेळी माझा हात का हलला ते तुम्हाला सांगायला हवं. दोन माणसांचं काम एका हातात आहे. साठपर्यंत मी बिनचूक देते. त्याच्या पुढच्या आकड्यांवर माझी सही असेल, पण भरवसा नसेल. औषध कुणाच्या तरी पोटात जाणार आहे."

साहेबांनी कापडाखालच्या दुसऱ्या बॅलन्सकडे बघितलं. कापडाचं टोक उचलून परत सोडलं.

"वर लिहितो," ते म्हणाले. "वेळ लागेल."

"लागू दे. तोवर साठ."

ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. डबी घेऊन निघाले, अर्ध्यात थांबले, परत येऊन डबी ओट्यावरच ठेवली. मिलीताईंनी ट्रे पुढे ओढला. परीक्षेच्या नादात सकाळ निम्मी गेली होती.

"आज किती आलीत?" साहेबांनी दारातून विचारलं.

"बहात्तर. साठ होतील, बाकीची उद्या." त्यांनी पहिली बाटली उजेडात धरून लेबल वाचलं. "आणि साहेब, जाताना दार जरा हळू लावा."